रंग तेवढा अडतो

९ ऑक्टोबर

शंकासुरा,

फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि ठेवून देतोस. पत्राला निदान उत्तर तरी द्यावं लागतं, म्हणून लिहायला बसले.

आपला ओढा नितळ झाला. परवा सकाळी पुलावर ही गर्दी, मला वाटलं कुणी पडलं की काय. धावत गेले तर सगळे कठड्यावरून वाकून तळाचे दगड बघत होते. मी लग्न होऊन इथे आल्यापासून या ओढ्याला तळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. कधी डाळिंबी, कधी निळाशार, मध्ये एकदा आठवडाभर पोपटी. बाजारात यंदा कुठला रंग चालणार ते कापडवाल्यांच्या आधी आम्हाला कळायचं. आणि आता हा असा, काचेसारखा.

कुणीतरी म्हणालं, वरच्या डाईंगवाल्यांनी काही यंत्र बसवलंय. मग मी कसली गप्प बसते. म्हटलं, बसवलंय ते माझ्या धाकट्या भावानं, सख्ख्या. दुपारपर्यंत निम्म्या वस्तीत बातमी. वाण्यानं रांग मोडून मला आधी सामान दिलं, तुझ्यामुळे. लोक विचारतात, नक्की काय केलंय त्यानं? मी ठोकून दिलं, मोठी गाळणी आहे. चुकलं असेल तर कळव, म्हणजे पुढच्या वेळी जरा अवघड शब्द वापरीन.

तुझ्या भाऊजींनी लगेच ठरवूनही टाकलं. ओढ्यावर पंप बसवायचा आणि पाणी थेट नर्सरीत घ्यायचं. टँकरवाल्याच्या लहरीवर रोपं जगवून ते कंटाळलेत. तो येतो म्हणतो आणि येत नाही, येतो तेव्हा अर्धा रस्त्यात सांडलेला असतो.

आईचे गुडघे कसे आहेत? थंडीत तिला इकडे पाठव. तुझ्या त्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये तिला बोलायला कोण आहे, भिंती?

ताई

२१ ऑक्टोबर

ताई,

गाळणी म्हणालीस ते अगदी बरोबर आहे, अवघड शब्दांची गरज नाही. लांब नळ्या आहेत, माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या. प्रत्येक नळीत पातळ पडदा गुंडाळलेला, त्याला आम्ही मेंब्रेन म्हणतो. त्याची छिद्रं कुठल्याही कापडाच्या विणीपेक्षा कितीतरी बारीक. रंगखात्याचं पाणी जोरानं त्यावर दाबायचं. पाणी पलीकडे जातं, रंग अलीकडे राहतो. राहिलेला दाट रंग आम्ही वेगळ्या टाकीत साठवतो. पहिल्या दिवशी नळीच्या तोंडाशी स्वच्छ धार पडली तेव्हा फिटर, ऑपरेटर सगळे येऊन बघून गेले. मी ती धार हातावर घेतली. खोटं कशाला सांगू, हात काढून घ्यावासा वाटेना.

मालकांनी मोठा कार्यक्रम केला. टेबलावर दोन ग्लास ठेवले होते, एकात आधीचं पाणी, शाईसारखं, आणि दुसऱ्यात नंतरचं. पाहुण्यांनी फोटो काढले. एकानं गमतीनं विचारलं, हे पिता येईल का? सगळे हसले, मालक सगळ्यांत जास्त हसले, आणि शिपायानं दोन्ही ग्लास ट्रेमध्ये घालून उचलून नेले. मग मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी हे सगळं केलं म्हणून सांगितलं. त्यांचा हात जड आहे.

भाऊजींना सांग, पंपाची एवढ्यात घाई नको. हा पहिला टप्पा आहे. दुसरा संच यायचाय, त्याचा ओटा बांधून तयार आहे. तोवर कुणी ते पाणी पिऊ नका आणि रोपांनाही टँकरचंच घाला. विशेष काही नाही. आपली काळजी घेतलेली बरी.

आईला थंडीत पाठवतो.

तुझा भाऊ

१४ नोव्हेंबर

शंकासुरा,

तुझं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. लहानपणी तू आईस्क्रीम वितळेल म्हणून खायचा नाहीस, आणि खाल्लंस तर दात दुखतील म्हणून रडायचास. नाव काय उगाच पडलं का तुझं? स्वतः यंत्र बसवायचं, स्वतः पाणी साफ करायचं आणि वर म्हणायचं, वापरू नका.

पंप बसला. आता नर्सरीत पाण्याची ददात नाही. आणि खरी बातमी पुढे आहे: पलीकडे जी नवी वसाहत होतेय, तिच्या सगळ्या रस्त्यांच्या कडेची झाडं आमच्याकडून घेणार आहेत. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. शेडनेट वाढवली, पिशव्या भरून झाल्या, ओळीच्या ओळी लागल्यात. माळीकाका सकाळी अंधारात येतात आणि दिवेलागणीला जातात. त्यांना तू बघितलंयस, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. बोलणं कमी आणि खोकणं जास्त. पण रोपाला हात लावला की रोप जगलंच.

ओढ्यावर आता जत्रा असते. बायका चादरी धुवायला येतात, पोरं दुपारभर डुंबतात. साबणाला म्हणावा तसा फेस येत नाही म्हणून कुरकुर ऐकली, पण साबणच हल्ली भिकार निघालेत. पलीकडच्या गल्लीत विहिरीचा पंप बिघडला तेव्हा लोकांनी इथूनच हंडे भरले. जरा मचूळ लागतं म्हणाले. पण त्यांना काय, त्यांच्या विहिरीचं कुठे गोड होतं.

सगळे तुझं नाव काढतात. मी मान वर करून चालते, एवढंच तुला सांगायचं होतं.

ताई

११ डिसेंबर

ताई,

आईला उद्या कंपनीच्या गाडीनं पाठवतोय. ड्रायव्हर ओळखीचा आहे, दारापर्यंत सोडेल, हे पत्रही त्याच्याच हाती देतोय. गाडीत तिच्यासाठी पिण्याच्या पाण्याचे कॅन ठेवलेत. संपले की कळव, पुन्हा पाठवीन. तिचं पोट नाजूक झालंय, डॉक्टरांनी पाणी बदलू नका म्हणून सांगितलंय. तिच्या चहालाही तेच वापर.

माझं बरं चाललंय. पडदे मध्येच तुंबतात, मग त्यांना औषधानं धुवावं लागतं. तेवढा वेळ संच बंद ठेवला की रंगखात्याचा मास्तर डोकं खातो. दुसऱ्या संचाचं लांबलंय. त्याच्या ओट्यावर मालकांनी नवं रंगाई मशीन बसवलं. जागा रिकामी होती, असं म्हणाले.

रोपं कशी आहेत? पानांच्या कडा वगैरे ठीक आहेत ना? सहज विचारतोय.

तुझा भाऊ

१६ जानेवारी

शंकासुरा,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसावं असं काही घडत नव्हतं, आणि घडलं ते लिहवत नव्हतं.

रोपं जळताहेत. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग पान वळून गळायला लागलं. कोवळी होती ती तर उभीच्या उभी गेली. वसाहतीचा माणूस बघायला आला, ओळींमधून फिरला आणि परत गाडीत बसला. काम आता दुसऱ्या नर्सरीला गेलं.

तुझे भाऊजी त्या दिवशी खूप संतापले होते. त्यांनी माळीकाकांना सगळ्यांसमोर विचारलं, खत किती घातलं? काका म्हणाले, नेहमीइतकं. भाऊजी म्हणाले, नेहमीइतकं घातलं असतं तर कडा अशा करपल्या असत्या का? तुमचा हात आता थरथरतो, तुम्हाला मापाचा अंदाज राहिलेला नाही. कामगार बघत होते. काका म्हणाले, "दादा, तुम्ही चालायला लागला नव्हता तेव्हापासून मी इथं खत घालतोय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पाइप गुंडाळत होते, तो गुंडाळत राहिले. मला खरंच वाटत होतं की वयानं चूक झाली असेल. त्यांनी कात्री धोतरालाच पुसून टेबलावर ठेवली आणि निघून गेले. उरलेली मजुरी घ्यायलासुद्धा आले नाहीत.

आई खिडकीतून बघत होती. दोन दिवस तिनं स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

रात्री पडल्यावर तुझं मागचं पत्र डोक्यात आलं. पानांच्या कडांचं तू विचारलं होतंस. तुला गुलाब आणि जास्वंद यातला फरक कळत नाही. तू कडांबद्दल का विचारलंस?

ताई

२० जानेवारी

ताई,

पंप बंद कर. हे पत्र हातात असतानाच बंद कर आणि मग पुढचं वाच.

पडदा रंग तेवढा अडवतो. रंगाचा कण मोठा असतो म्हणून तो अडतो. पण रंग सुताला धरावा म्हणून आम्ही पाण्यात पोत्यांनी मीठ ओततो, आणि मीठ पडद्यातून पाण्याबरोबर सरळ निघून जातं. ते दिसत नाही. मिठाबरोबर आणखीही बारीकसारीक काही जात असणार, तुटलेल्या रंगाचे तुकडे, मदतीची रसायनं. त्यांचं पुढे काय होतं ते कुणी तपासलेलं नाही. मीही नाही. मीठ अडवायला आणखी बारीक पडदा लागतो. तोच दुसरा संच. तो आला असता तर पाणी ओढ्यात सोडावंच लागलं नसतं, आम्हीच पुन्हा वापरलं असतं.

माळीकाकांचं खत बरोबर होतं. रोपं मिठानं जळली.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू पंपाचं लिहिलंस तेव्हाच मी मालकांकडे गेलो होतो. म्हटलं, खाली लोक पाणी वापरायला लागलेत, निदान तिथं पाटी लावू या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकांची तक्रार कशाची होती?"

मी म्हणालो, "रंगाची."

"मग रंग गेला. मिठाची तक्रार घेऊन कुणी आलं की तेव्हा बघू."

निघताना त्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. क्वार्टर कंपनीचं आहे, आईचं औषधपाणी कंपनीच्या दवाखान्यातून होतं, आणि माझं वय असं आहे की दुसरीकडे नव्यानं उभं राहायला दम लागेल. रोज मनात घोळवताना ही कारणं डोंगराएवढी वाटायची. आता कागदावर उतरवली तर एका ओळीत बसली.

रोपांना टँकरचं पाणी भरपूर घाल, मुळांतलं मीठ धुऊन निघेल. काही वाचतील. माळीकाकांना परत बोलाव. लोकांना सांग, पाणी पिऊ नका म्हणावं, पोरांना उतरू देऊ नका म्हणावं. फक्त माझं नाव एवढ्यात नको घेऊस. दुसरीकडे काही मिळेपर्यंत.

तुझा भाऊ

२९ जानेवारी

पत्र पोचलं.

आईला तू कॅन दिलेस. तिच्या चहालासुद्धा तेच वापर म्हणून बजावलंस, डॉक्टरांचं नाव पुढे केलंस. ते कॅन मी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि आईला म्हणाले, बघ किती जीव लावतो तुझा मुलगा. माळीकाका दिवसभर ओढ्याचं पाणी प्यायचे, त्यांना तू काय दिलंस? त्या गल्लीतल्या हंडे भरणाऱ्या बायकांना काय दिलंस? मला काय दिलंस? विशेष काही नाही, आपली काळजी. हे तुझंच वाक्य आहे.

मी माळीकाकांकडे गेले होते. लाकडाच्या वखारीमागे मुलीच्या खोलीत राहतात. मुलीनं आत या म्हटलं नाही. दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं, खताची चूक नव्हती, पाणी खारं होतं, तुम्ही परत या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "खताची चूक नव्हती हे मला त्याच दिवशी माहीत होतं, वहिनी. तुम्ही तिथं उभ्या होता. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी दादांचं बोलणंही गिळलं असतं." मग त्यांना खोकला आला आणि मुलीनं दार लावून घेतलं.

लोकांनाही सांगून पाहिलं. पुलावर उभी राहून चादरी धुणाऱ्या बायकांना म्हटलं, हे पाणी चांगलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, ताई, तुम्हीच तर सांगत होता भावानं शुद्ध केलं म्हणून. दुसरी म्हणाली, नर्सरीला पाणी कमी पडत असेल. सगळ्या हसल्या. तळातले दगड दिसत असताना पाणी वाईट कसं, हे मी त्यांना कसं पटवणार? रंग होता तोवर शेंबडं पोरसुद्धा त्यात हात घालत नव्हतं.

तुझे भाऊजी म्हणाले, आता गप्प राहा. आपली रोपं खाऱ्या पाण्यावर वाढली हे कळलं तर उरलीसुरली तरी कोण घेईल? त्यांचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर असतं.

तुझं नाव मी घेतलं नाही. तुझ्यासाठी नाही, मला लाज वाटली म्हणून.

१८ फेब्रुवारी

ताई,

आज दुपारी तुमच्या ओढ्याला लाल पाणी आलं असेल. हे पत्र पोचेल तेव्हा ते वाहून गेलेलं असेल. ते मी सोडलं.

संच धुवायला काढतो तेव्हा पाणी वळवायला एक वेगळी लाइन आहे, पडद्यांना टाळून थेट बाहेर जाणारी. आज रंगखात्यात गडद लाल चालू होता. पाळी बदलताना सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्या लाइनचा व्हॉल्व पूर्ण उघडला, संच बंद केला आणि तिथेच स्टूल घेऊन बसलो. पळून जायचं नव्हतं. नाल्यात रंग उतरताना बघत होतो. ज्या दिवशी स्वच्छ धार पडली होती त्या दिवशी मी जिथे उभा होतो, तिथूनच.

मालक आले. ओरडले नाहीत. आधी ऑपरेटरला व्हॉल्व बंद करायला लावला, तोवर टाकी रिकामी होत आली होती. मग मला म्हणाले, "बहिणीसाठी केलंस?"

मी म्हणालो, "लाल पाणी कुणी पीत नाही."

ते म्हणाले, "परवा पुन्हा नितळ होईल. तू मात्र इथं नसशील."

क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय. आईला एवढ्यात परत पाठवू नकोस.

मला एक कळतं, ताई. पुलावर येऊन चार माणसांसमोर बोलायला मला धीर झाला नाही. व्हॉल्व फिरवायला झाला. तू जे एकटीनं केलंस ते मी नळीकडून करून घेतलं. तरी निदान काही दिवस पोरं पाण्यात उतरणार नाहीत असं वाटतं. तेवढं तरी झालं का, कळव.

तुझा भाऊ

९ मार्च

तेवढं झालं. तीन-चार दिवस कुणी पाण्यात उतरलं नाही.

पण लोक काय करतील असं तुला वाटलं होतं? विचार करतील? धुवायला पाण्यात बुडवलेल्या चादरींवर लाल डाग पडले, पुलावर शिव्याशाप सुरू झाले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की हे कुणी केलं. तुझ्या मालकांच्याच एका माणसानं येऊन सांगितलं. कामावरून काढणार होते म्हणून सूड उगवला, असं. आमच्या फाटकाला कुणीतरी लाल चिखल फासला. मी तो एकटीनं धुतला. वाण्याच्या दुकानात गेले तर बोलणं थांबलं, आणि मी बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झालं.

मग वस्तीतली माणसं जमून मालकांकडे गेली. तुझे भाऊजी त्यांच्यात होते. नसते गेले तर आम्हाला इथे राहता आलं नसतं, असं ते म्हणतात. मालकांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, झाल्याबद्दल स्वतः दिलगिरी व्यक्त केली आणि शब्द दिला की पुन्हा असा रंग दिसणार नाही. भाऊजींनी आमच्या घराच्या वतीनं माफी मागितली. परत येताना लोक म्हणत होते, माणूस एवढा मोठा, पण किती साधा. दोन दिवसांनी पाणी पुन्हा काचेसारखं. पोरं पुन्हा डुंबायला लागली. आता ते पाणी वाईट आहे असं कुणी म्हणायची सोयच राहिली नाही. म्हणणारा तुझ्यातला ठरेल.

आईला सगळं सांगावं लागलं. तिनं एवढंच विचारलं, तो जेवतो का नीट?

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. पण फाटक धुताना एकदा असं वाटून गेलं की निदान त्यानं काहीतरी केलं. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

ताई

२४ मार्च

ताई,

जेवतो, असं आईला सांग. छापखान्याच्या वर एक खोली घेतलीय. दिवसभर जमीन हादरत असते, सवय होईल. डाईंगच्या धंद्यात मला आता कुणी उभं करत नाही. मालकांचे फोन माझ्या आधी पोचतात.

प्रदूषणाचं बघणाऱ्या सरकारी कचेरीत मी लेखी कळवलं होतं. त्यांचा माणूस येऊन गेला. त्यानं कारखान्याबाहेर माझ्यासमोरच नाल्याचं पाणी बाटलीत घेतलं, उजेडाकडे धरलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, यात तर काहीच नाही. मी म्हटलं, चाखून बघा. तो हसला. मिठाची तपासणी करायला सांगितलं तर म्हणाला, नुसत्या काढून टाकलेल्या माणसाच्या सांगण्यावरून कारखान्याला हात लावता येत नाही. पण तसा तो वाईट वाटला नाही. जाताना म्हणाला, ओढ्याकाठच्या कुणाचं नुकसान झालं असेल तर त्यांनी पुढे येऊन सांगावं, मग बघता येईल.

तुझ्याकडे जळलेली रोपं असतील. फेकली असलीत तरी तू सांगू शकतेस, ओढ्याचं पाणी घातलं आणि काय झालं. एवढंच, जे घडलं ते. माळीकाकांचंही त्यात खरं होईल. मला पुन्हा कामावर घ्या असं मी कुणाला म्हणणार नाही. ताई, तू सांगशील का?

तुझा भाऊ

११ एप्रिल

शंकासुरा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतके दिवस लावले, त्यावरून तुला कळलंच असेल. तरी नीट सांगते, कारण तू मला नीट सांगायला उशीर केलास तेव्हा काय झालं ते मी बघितलंय.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मालकांनी भाऊजींना बोलावलं होतं. मला वाटलं, आता आणखी काही ऐकून घ्यावं लागणार. ते हसत परत आले. कारखान्याच्या दर्शनी भागात बाग करायचीय, मोठी, फाटकापासून ऑफिसपर्यंत. रोपं आमची, लावणी आमची, वर्षभराची निगाही आमची. वसाहतीचं काम गेल्यापासून आम्ही कामगार कमी केले होते, शेडनेट फाटली तर नवी आणायची ऐपत नव्हती. भाऊजी म्हणाले, माणसानं झालं गेलं मनात ठेवलं नाही, बघ. मी म्हणाले, बागेला पाणी कुठलं? ते म्हणाले, टँकरचं. सकाळी लवकर, पाहुणे यायच्या आत. बागेत पाटी मात्र अशी लागणार आहे की ही झाडं कारखान्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर वाढली आहेत.

मी तुझं पत्र दाखवलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाले, "तू सांगायचं ठरवलंस तर मी आडवा येणार नाही. पण मग नर्सरी बंद करू, आणि तुझ्या आईला घेऊन कुठे जायचं तेही तूच ठरव." ओरडून म्हणाले असते तर मला बरं पडलं असतं.

मी आठवडाभर विचार करतेय असं स्वतःला सांगत राहिले. पण रोपं त्याच आठवड्यात ट्रकमध्ये चढली आणि ती निवडली मीच. निरोगी, दाट पानांची, एकही कड करपलेली नाही अशी. ट्रकबरोबर मी गेले, जागा बघून दिल्या. तू ज्या ओट्याचं लिहिलं होतंस तो बघितला. त्यावरचं मशीन चालू होतं. तुझ्या जागी एक नवा मुलगा आहे, विनयशील आहे. त्यानं मला तुझे ते पडदे दाखवले. खरंच सुंदर काम आहे रे. एका बाजूला काळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला ती धार. आपल्या घरातल्या कुणी केलंय हे मला त्याला सांगता आलं नाही.

तू नोकरीसाठी गप्प बसलास म्हणून मी तुला नको नको ते लिहिलं. ती पत्रं तुझ्याकडे असतील तर फाडून टाक. ती लिहायचा हक्क माझा आता राहिला नाही. वस्तीतल्या लोकांना मी काही सांगत नाही. पुलावरून जाताना पलीकडे बघते.

सोमवारी मालकांकडे पाहुणे येताहेत, आणि त्यांच्याबरोबर तुझा तो बाटलीवाला माणूसही. ओढ्याकाठच्या कुणाची तक्रार आहे का ते तो विचारणार आहे, म्हणून आम्हाला दोघांना बागेपाशी थांबायला सांगितलंय. त्यानं विचारलं तर मी म्हणायचंय, ही रोपं याच पाण्यावर वाढलीत, आमची काही तक्रार नाही. काल स्वयंपाकघरात कुणी नसताना मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. वाटलं होतं घशात अडकेल. कुठेच अडकलं नाही.

ताई